मधल्या जागी ९ असलेला एरिया कोड

अमेरिकेत किंवा कॅनडात तुमचं कोणी असेल तर फोनमधली नावांची यादी काढून बघा. तिथल्या नंबरात सुरुवातीचे तीन अंक एरिया कोडचे असतात. त्यातला मधला अंक ९ आहे असा एकही नंबर सापडायचा नाही. २९०, ४९५, ७९१ असले कोड कोणाला दिलेलेच नाहीत. पहिला अंक २ ते ९ पैकी कोणताही, मधे ९, शेवटी ० ते ९. असे हिशेबाने ८० कोड होतात आणि ते सगळेच्या सगळे बाजूला काढून ठेवले आहेत. उत्तर अमेरिकेतले दहा अंकी नंबर कधीतरी पुरेनासे होतील, दोन अंक वाढवून ते बारा अंकी करावे लागतील, त्या संक्रमणात हे कोड हाताशी असावेत म्हणून. आत्ताच्या अंदाजानुसार दहा अंक २०५० च्याही पुढे पुरणार आहेत. म्हणजे जी वेळ येईल तेव्हा आज हे नियम करणाऱ्यांतलं कोणीही नोकरीत नसणार, तिच्यासाठी ८० जागा कुलूपबंद आहेत आणि त्यातली एक तरी द्या असा हट्ट आजवर कोणाचा चाललेला नाही.

ज्या नियमात हे लिहिलंय तो सांभाळते एक समिती. नाव इंडस्ट्री नंबरिंग कमिटी, आम्ही आयएनसी म्हणतो. ती ॲटिस नावाच्या संस्थेखाली चालते. लांब नाव अलायन्स फॉर टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री सोल्युशन्स, कचेरी वॉशिंग्टनला. मी न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या फोन कंपनीत नंबरिंगचं काम बघते आणि कंपनीतर्फे या बैठकांना बसते. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की फोन कंपनीत आहे. पुढचा प्रश्न फॅमिली प्लॅन स्वस्तात मिळेल का हाच असतो, त्यामुळे खरं काम सांगायची वेळ आजवर आलेली नाही. म्हणून इथे लिहिते.

सुरुवात १९४७ ची. तेव्हा एटी अँड टी म्हणजेच अमेरिकेतला टेलिफोन, जवळजवळ एकटाच. त्यांनी आणि बेल लॅब्सने मिळून अमेरिका आणि कॅनडाचे ८६ भाग पाडले आणि प्रत्येकाला तीन अंक दिले. मधला अंक फक्त ० किंवा १. ज्या राज्याला एकच कोड पुरत होता त्याच्या मधे ०, जिथे एकाहून जास्त लागले तिथे १. फिरवायच्या डायलवर १ म्हणजे एक टिक आणि ० म्हणजे दहा टिक, म्हणून जिथे जास्त फोन जाणार त्या शहरांना कमी टिकांचे कोड मिळाले. न्यूयॉर्क २१२, पाच टिकांत संपतं. लॉस एंजेलिस २१३, शिकागो ३१२, दोन्ही सहा. साउथ डाकोटाला ६०५ मिळाला, म्हणजे एकवीस टिक. तिथे कोण एवढं फोन करतंय असा तो हिशेब. आमच्या न्यू जर्सीच्या वाट्याला २०१ आला, आणि ऑपरेटरच्या मदतीशिवाय ग्राहकाने स्वतः फिरवलेला पहिला लांब पल्ल्याचा फोनही इथूनच गेला. १० नोव्हेंबर १९५१ ला एंगलवूडच्या महापौरांनी कॅलिफोर्नियातल्या अलामेडाच्या महापौरांना लावला. जोडायला १८ सेकंद लागले. त्या काळात ट्रंक कॉल लावून आपल्याकडे लोक किती ताटकळत बसायचे ते माझ्या आईकडून ऐकलंय, म्हणून मला हे १८ सेकंद फार भारी वाटतात.

१ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीचे तुकडे झाले. मग नंबर कोणी वाटायचे? ते काम बेलकोरकडे गेलं, आणि बेलकोर होती फुटून निघालेल्या प्रादेशिक बेल कंपन्यांच्याच मालकीची. वाटणारा आणि घेणारा एका घरातले. नव्याने आलेल्या कंपन्या यावर कुरकुरत राहिल्या आणि त्यांचं बरोबरच होतं. पुढे १९९७ मध्ये हे काम तटस्थ प्रशासकाकडे द्यायचं ठरलं. आधी लॉकहीड मार्टिनची एक शाखा, १९९९ पासून न्यूस्टार, २०१९ पासून सोमॉस. आता रचना अशी आहे की नियम समिती लिहिते, नंबर प्रशासक देतो, आणि दोघांच्या डोक्यावर एफसीसी म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, दूरसंचारावर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा. समितीने लिहिलेलं एफसीसीच्या आदेशात बसलं नाही तर समितीला ते बदलावं लागतं. पण एफसीसीच्या आदेशात तपशील फार कमी असतो, आणि माझं सगळं काम तपशिलातच आहे.

मधल्या अंकाची गंमत एकदा सगळ्यांना महाग पडली. ० आणि १ वाले कोड संपले आणि जानेवारी १९९५ मध्ये अलाबामाला ३३४ आणि वॉशिंग्टन राज्याला ३६० असे मधे ३ आणि ६ असलेले कोड पहिल्यांदा आले. कंपन्यांची मोठी स्विच, म्हणजे कॉल जोडून देणारी यंत्रं, तयार होती. पण देशभरातल्या ऑफिसांत, हॉटेलांत, दवाखान्यांत भिंतीवर टांगलेली छोटी पीबीएक्स यंत्रं, म्हणजे तिथल्या तिथल्या फोनपुरती खासगी एक्स्चेंज, होती, त्यांना शिकवलेलं होतं की मधे ० किंवा १ नसेल तर तो एरिया कोडच नव्हे. अलाबामातल्या माणसाला फोन लावला की यंत्र म्हणायचं, असा नंबर नाही. हे बदलायला हवं हे समितीतल्या लोकांना खूप आधीपासून ठाऊक होतं, पत्रकंही निघालेली होती. पण भिंतीवरच्या यंत्राच्या मालकाला नंबरिंग समिती नावाचं काही असतं हेच माहीत नव्हतं. आजही नवा नियम करताना एखादा जुना सदस्य हळूच "पीबीएक्स" एवढंच म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात.

नंबर संपतात कसे, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण ते वापरून संपत नाहीत. दहा अंकांत पहिले तीन एरिया कोड, मधले तीन प्रीफिक्स, शेवटचे चार ओळीचे. एका प्रीफिक्सखाली १०,००० नंबर. १९९६ च्या टेलिकॉम कायद्यानंतर स्थानिक फोनच्या धंद्यात भराभरा कंपन्या उतरल्या, आणि कुठल्याही कंपनीला एखाद्या रेट सेंटरमध्ये, म्हणजे बिलासाठी आखलेल्या गावाएवढ्या भागात, सेवा द्यायची तर तिथला एक आख्खा प्रीफिक्स घ्यावा लागायचा. गिऱ्हाईक पन्नास, नंबर दहा हजार. अशा पंधरा कंपन्या आणि एका राज्यात शेकडो रेट सेंटर. न्यू जर्सीचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये एकाच दिवशी ९७३ आणि ७३२ हे दोन नवे कोड आले, १९९९ मध्ये ८५६, आणि २००१ च्या डिसेंबरात ५५१, ८४८, ८६२ असे तीन एकदम. लोकांनी लेटरहेड छापायचे, वर्षभरात ते रद्दीत घालायचे, असं चाललं होतं. १९९९ च्या सुमारास तर दहा-पंधरा वर्षांत सगळ्या खंडाचे दहा अंक संपतील अशी भीती गंभीर लोक बोलून दाखवत होते.

उपाय निघाला तो असा: दहा हजार एकदम द्यायचे नाहीत, हजार-हजारचे ब्लॉक करून द्यायचे. याला पूलिंग म्हणतात. १९९८ मध्ये इलिनॉयच्या ८४७ कोडमध्ये करून बघितलं, २००० मध्ये एफसीसीने देशभर लागू करायचा आदेश काढला. ऐकायला इतकं साधं, की हे आधी का सुचलं नाही असं कोणालाही वाटेल. सुचलं होतं. पण प्रत्येक स्विच प्रीफिक्स बघून ठरवायचं की कॉल कोणत्या कंपनीकडे ढकलायचा. एकाच प्रीफिक्समध्ये चार कंपन्या आल्या तर स्विचने काय करायचं? त्याचं उत्तर नंबर पोर्टेबिलिटीमुळे मिळालं, कारण नंबर बरोबर घेऊन कंपनी बदलायची सोय करताना प्रत्येक नंबरामागे "हा आता कुठे राहतो" ते विचारायची यंत्रणा उभी राहिलीच होती. पूलिंग तिच्याच पाठीवर बसलं. मग नियम आले: ज्या ब्लॉकमधले दहा टक्क्यांपर्यंतच नंबर वापरात आहेत तो ब्लॉक सामायिक साठ्यात परत करायचा, वापरातले शंभर किंवा कमी नंबर मूळ कंपनीकडे राहतील. नवा ब्लॉक मागायचा तर आधीच्यांपैकी ७५ टक्के वापरलेत हे दाखवायचं आणि हातातला साठा सहा महिन्यांत संपेल असा हिशेब जोडायचा. हा हिशेबाचा तक्ता भरणं हे माझं रोजचं काम. आमच्या विक्री विभागाला वाटतं की मी नंबर अडवून धरते.

परिणाम बघा. २००१ मध्ये तीन कोड एकदम घेणाऱ्या न्यू जर्सीला त्यानंतरचा नवा कोड लागला तो थेट २०१८ मध्ये, ६०९ च्या जोडीला ६४०. मधल्या काळात घरटी मोबाइल चार-चार झाले होते. माझ्या मते या देशात गेल्या पंचवीस वर्षांत टंचाईवर निघालेल्या सगळ्या तोडग्यांत हा सगळ्यात स्वस्त असेल.

आता बैठक कशी असते. सुरुवातीला मक्तेदारीविरोधी कायद्याचं निवेदन मोठ्याने वाचतात: दर, बाजारातला हिस्सा, गिऱ्हाइकं यांवर इथे चकार शब्द बोलायचा नाही. टेबलाभोवती एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांची माणसं बसलेली असतात, म्हणून ते हवंच. मग ज्याचं म्हणणं असेल त्याने लेखी प्रस्ताव मांडायचा. तोंडी तक्रारीला किंमत नाही. "हा परिच्छेद चुकीचा आहे" म्हणालात की अध्यक्ष विचारणार, मग बरोबर कसा असावा ते लिहून आणलंय का? या एका सवयीमुळे अर्धी भांडणं जन्मालाच येत नाहीत. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत हा नियम आणावा असं मी एकदा सुचवलं होतं. लेखी आणा, म्हणाले.

मतदान करून निकाल लावायची पद्धत नाही. अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? हरकत असली तर ऐकून घ्यावी लागते, तिला उत्तर द्यावं लागतं, आणि शेवटी प्रश्न येतो की तुम्हाला हे आवडलं नसेल, पण चालवून घ्याल का? मोठी कंपनी असो की आमच्यासारखी, तिथे आवाज एकच. कागदावर तरी. प्रत्यक्षात मोठ्या कंपन्यांकडून तिघंतिघं येतात आणि त्यातला एक वकील असतो, तर खेड्यापाड्यातल्या छोट्या सहकारी टेलिफोन संस्थांना सदस्यत्वाची वर्गणी आणि एक माणूस एवढंही जड जातं. त्यांचे प्रश्न त्यांच्या संघटना मांडतात, पण ज्याचा फोन लागत नाही त्याने स्वतः येऊन सांगणं वेगळं. या पद्धतीतली ही उणीव खरी आहे.

फोन न लागण्यावरून सांगते. नवा प्रीफिक्स मिळाला आणि दुसऱ्या दिवशी चालू झाला असं होत नाही. कमीत कमी ६६ दिवसांचा अवधी ठरलेला आहे. तेवढ्या काळात तो प्रीफिक्स उद्योगाच्या सामायिक राउटिंग नोंदीत, म्हणजे कॉल कोणीकडे पाठवायचा त्या यादीत, चढतो आणि देशातल्या बाकीच्या प्रत्येक कंपनीने आपापल्या स्विचमध्ये तो "उघडायचा" असतो. शेकडो कंपन्या. त्यातल्या एकीने उघडला नाही तर फक्त तिच्या गिऱ्हाइकांना आमचा नंबर लागत नाही. बाकी जगाला लागतो. अशी तक्रार सोडवायला सगळ्यात वाईट. आमच्या एका गिऱ्हाइकाचं डेंटिस्टचं दुकान, नवा नंबर, सगळं ठीक. फक्त त्यांच्या सासूबाईंना दुसऱ्या राज्यातून "हा नंबर अस्तित्वात नाही" असं ऐकू यायचं. सासूबाईंचा यावर जो अर्थ लावून झाला होता तो मी इथे लिहीत नाही. दोष त्यांच्या छोट्याशा स्थानिक कंपनीत न उघडलेल्या प्रीफिक्सचा होता. कोणी कोणाला फोन करून चाचणी घ्यायची, चाचणीसाठी कोणता नंबर राखून ठेवायचा, हे सगळं त्या मार्गदर्शक नियमांत आहे, आणि ते नियम कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०२१ मध्ये आमच्या समितीचं काम पहिल्यांदाच घराघरात पोचलं. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी ९८८ हा तीन अंकी नंबर द्यायचा असं एफसीसीने जुलै २०२० मध्ये ठरवलं. पण ९८८ हा कित्येक ठिकाणी आधीच प्रीफिक्स म्हणून चालू होता. जिथे लोक शेजारच्या गावाला नुसते सात अंक फिरवायचे तिथे ९८८ एवढं ऐकून स्विचला कळणार कसं, की माणूस इथेच थांबणार की अजून चार अंक येणार आहेत? जीव द्यायला निघालेल्या माणसाला स्विच पुढच्या अंकांची वाट बघायला लावणार, हे कोणालाच पटणारं नव्हतं. म्हणून अशा ८२ एरिया कोडमध्ये २४ ऑक्टोबर २०२१ पासून स्थानिक फोनलाही दहा अंक सक्तीचे झाले. त्यात न्यू जर्सीचे दोन होते, ८५६ आणि ९०८. ९८८ सगळीकडे सुरू झाला १६ जुलै २०२२ ला.

समरसेट काउंटीत आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात, ९०८ वाल्या. त्यांच्या लँडलाइनच्या स्पीड डायलमध्ये सगळी मंडळी सात अंकांत भरलेली. ते मी एका रविवारी बदलून दिलं, चहा-चिवड्यावर. पण खरी भानगड तळघरात होती. चोर-घंटीचं जुनं खोकं धोक्याच्या वेळी टेलिफोनच्या तारेवरून सात अंकी नंबर फिरवणारं. ते गुपचूप बंद पडलं असतं आणि चोर येईपर्यंत कोणाला कळलं नसतं. नियमावलीच्या प्रसिद्धीपत्रकात अलार्म, फॅक्स, वैद्यकीय यंत्रं, गेट उघडणारी यंत्रं यांची यादी होती ती अशासाठीच. काकू म्हणाल्या, "अगं, एवढ्या एका नंबरासाठी सगळ्यांनी दहा अंक?" मी कारण सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, खोक्याच्या कंपनीचा नंबर शोधायला उठल्या.

त्याच वर्षी, १५ जानेवारी २०२१ पासून, भारतात लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी ० लावायचा नियम आला. मिरजेहून आईने विचारलं, "तुमच्यातल्या कोणी काढलं का हे?" आमच्यातल्या नव्हे. तिथे ट्राय शिफारस करतं, सल्लामसलतीचे कागद प्रसिद्ध होतात आणि अंतिम निर्णय दूरसंचार विभागाचा. कारण मात्र सख्ख्या भावासारखं: एक ० लावला की मोबाइलसाठी नव्या नंबरांची मोठी जागा मोकळी होते.

आता दुसऱ्या समितीकडे. ॲटिसखालीच नेटवर्क रिलायबिलिटी स्टीअरिंग कमिटी आहे, एनआरएससी. मी तिच्यात बसत नाही, पण नंबरिंगमध्ये येण्याआधी काही वर्षं मी नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये रात्रपाळी केली आहे, आणि तिथे या समितीचं लिखाण आम्ही वाचायचो.

तिचा जन्म १९९० आणि १९९१ या दोन वाईट वर्षांतला. १५ जानेवारी १९९० ला एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं जाळं सुमारे नऊ तास लंगडं पडलं, निम्मे कॉल लागेनात. न्यूयॉर्कमधलं एक स्विच अडखळून परत उठलं, शेजाऱ्यांना "मी आलो" असं कळवलं, आणि ते ऐकून शेजारी पडू लागले. ते उठले की पुढचे. चूक सॉफ्टवेअरच्या महिन्याभरापूर्वीच्या सुधारणेत होती. ४ जानेवारी १९९१ ला नेवार्कमध्ये जुनी केबल काढायला गेलेल्या माणसांनी शेजारची चालू फायबर केबल कापली आणि न्यूयॉर्कचा बराचसा बाहेरचा संपर्क गेला. जूनमध्ये वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि आणखी काही शहरांत स्थानिक फोन कोसळले, कारण सिग्नलिंगच्या, म्हणजे स्विचनी एकमेकांना निरोप द्यायच्या, यंत्राच्या सॉफ्टवेअरमधल्या काही ओळी पूर्ण चाचणी न घेता बदलल्या होत्या. आणि १७ सप्टेंबर १९९१. न्यूयॉर्कच्या थॉमस स्ट्रीटवरची एटी अँड टीची इमारत. उन्हाळी दिवस, वीज कंपनीवरचा भार कमी करायला इमारत स्वतःच्या जनरेटरवर गेली, पण रेक्टिफायर, म्हणजे आलेल्या विजेचा यंत्रांना लागणारा डीसी प्रवाह करणारी उपकरणं, बंद पडले आणि सगळा भार बॅटऱ्यांवर आला. बॅटऱ्या सुमारे सहा तास पुरल्या. तेवढ्या वेळात धोक्याचे दिवे लागलेले कोणी बघितले नाहीत. त्या मजल्यांवर फेरी मारायची ती माणसं वर्गाला गेली होती, आणि तो वर्ग वीजपुरवठ्याच्या धोक्याच्या सूचनांचाच होता. संध्याकाळी केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क या तिन्ही विमानतळांची वाहतूक कोलमडली. नॉकमध्ये ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगायचे, हसू दाबून, आणि लगेच बॅटरी रूमचं दार दाखवायचे.

एफसीसीने मग नेटवर्क रिलायबिलिटी कौन्सिल नेमली, आणि मोठा बिघाड झाला की कळवण्याची सक्ती केली. सुरुवातीला मर्यादा ५०,००० गिऱ्हाइकं आणि अर्धा तास, लवकरच ती ३०,००० वर आणली. कौन्सिलच्या सल्ल्याने १९९३ मध्ये एनआरएससी उभी राहिली, तिचं काम आलेले अहवाल वाचून त्यातून काय दिसतं ते सांगायचं. दिसलं ते फार मोठ्या तंत्रज्ञानाचं नव्हतं. फायबर तुटण्याच्या निम्म्याहून जास्त घटना जमीन खणताना. इथे बॅकहो म्हणतात, आपल्याकडे जेसीबी. रेडिओवाले सिग्नल मंदावला की "फेड" म्हणतात, म्हणून आमच्यात याला "बॅकहो फेड" असं नाव आहे. दुसरं मोठं कारण कामाच्या पद्धतीतल्या चुका: चुकीचं कार्ड उपसलं, पायरी गाळली, लेबल वाचलं नाही. त्यातूनच मध्यरात्रीची मेंटेनन्स विंडो, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेली वेळ, आणि पायरीपायरीने लिहिलेला एमओपी, म्हणजे कामाच्या कृतीचा कागद, या गोष्टी धर्मासारख्या पाळल्या जाऊ लागल्या. रात्री दोन वाजता एमओपीची अकरावी पायरी मोठ्याने वाचायची आणि समोरच्याने "झाली" म्हटल्याशिवाय बारावीवर जायचं नाही. कंटाळवाणं असतं. आमच्या पाळीला कोणी घाई केली तर म्हातारा सुपरवायझर नुसता "थॉमस स्ट्रीट" म्हणायचा.

आणि इथे दोन्ही समित्यांची कामं एकमेकांना भेटतात. खणण्याआधी विचारा हे सांगायला प्रत्येक राज्याचा वेगळा टोल-फ्री नंबर होता, तो कोणाच्याही लक्षात राहत नसे. २००५ मध्ये एफसीसीने त्यासाठी ८११ राखला आणि मे २००७ पासून तो देशभर सुरू झाला. न्यू जर्सीत किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. नवऱ्याला मागच्या अंगणात मांडवासाठी खांब रोवायचे होते, तेव्हा मी आधी ८११ फिरवला. माणसं आली आणि हिरवळीवर रंग मारून गेली. वीज लाल, गॅस पिवळा, पाणी निळं, गटार हिरवं, टेलिफोन आणि इंटरनेट नारिंगी. नवऱ्याने ठरवलेल्या खड्ड्यांपैकी एक नेमका नारिंगी रेषेवर. मांडव आता थोडा तिरका आहे.

२००४ मध्ये मात्र एक गोष्ट बदलली, आणि ती मला पटलेली नाही. अहवालाचे नियम वायरलेसलाही लागू झाले, मोजमाप सुधारलं: बिघाड निदान ३० मिनिटांचा आणि ९ लाख वापरकर्ता-मिनिटांचा, म्हणजे ३०,००० माणसं गुणिले अर्धा तास. कळल्यापासून १२० मिनिटांत पहिली सूचना, ७२ तासांत प्राथमिक अहवाल, ३० दिवसांत अंतिम. हे सगळं उत्तम. पण त्याचबरोबर अहवाल गोपनीय झाले. ११ सप्टेंबरनंतरचे दिवस, होमलँड सिक्युरिटी खात्याचं म्हणणं की कुठली केबल तुटली तर किती शहर बंद पडतं याचा नकाशा शत्रूच्या हातात कशाला द्यायचा. म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याआधी हे अहवाल आमच्या नंबरिंगच्या नियमांसारखेच उघडे असायचे. मी नॉकमध्ये असताना दुसऱ्या कंपनीचा अहवाल वाचून आमची माणसं त्याच दिवशी आमच्या बॅटऱ्या तपासायला गेलेली मी पाहिली आहेत. आता एनआरएससीला एकत्रित आकड्यांवर आणि सदस्य आपणहून सांगतील तेवढ्यावर काम करावं लागतं. राज्यांच्या यंत्रणांना हे अहवाल बघू देण्याचा आदेश एफसीसीने काढला तोही २०२१ मध्ये.

उघडं असण्याचा उपयोग काय, याला माझ्याकडे एक उदाहरण आहे. ९ एप्रिल २०१४ च्या रात्री सात राज्यांत मिळून ९११ या आणीबाणीच्या नंबरचे ६,६०० हून अधिक कॉल कुठेच पोचले नाहीत. सुमारे १ कोटी १० लाख लोक त्या भागात राहत होते, आणि काही ठिकाणी हे सहा तासांपर्यंत चाललं. केबल तुटली नव्हती, वादळ नव्हतं. कोलोरॅडोतल्या एंगलवूडच्या एका केंद्रात (न्यू जर्सीच्या एंगलवूडशी संबंध नाही, नावापुरता योगायोग) सॉफ्टवेअर प्रत्येक कॉलला एक क्रमांक द्यायचं, आणि त्या मोजणीला कोणीतरी कधीतरी वरची मर्यादा घालून ठेवली होती. त्या रात्री मोजणी मर्यादेला टेकली. पुढच्या कॉलला द्यायला क्रमांक नाही, म्हणून कॉलच नाही. नंबर संपले! खंडाचे दहा अंक कधी संपतील ते आम्ही दर सहा महिन्यांनी मोजतो, आणि तिथे एका यंत्रातल्या एका मोजणीवर कोणाचं लक्ष नव्हतं. हे मला नंबरिंगवाली म्हणून जास्त लागलं. आणि हे सगळं मला माहीत आहे ते फक्त एफसीसीने त्या घटनेची चौकशी करून ऑक्टोबर २०१४ मध्ये अहवाल जाहीर केला म्हणून. तो वाचून आमच्याकडेही कुठेकुठे अशा मोजण्या आहेत याची यादी झाली, मर्यादा किती आणि आज कुठवर आलोय या रकान्यांसकट.

असे अहवाल दोन वर्षांनी, इमारतीचा पत्ता आणि केबलचा मार्ग काढून, प्रसिद्ध करायला काय हरकत आहे, हे मी एनआरएससीत बसणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत विचारलं. चांगला माणूस, या धंद्यात माझ्याहून जुना. म्हणाला, वकिलांच्या हाती पडतील. मग म्हणाला, अतिरेक्यांच्या हाती पडतील. मग सँडविचचा कागद गुंडाळताना पुन्हा म्हणाला, आणि वकिलांच्या. मी म्हटलं, लेखी प्रस्ताव आणते.